पातं वर-खाली कशाने करायचं? जुन्या ग्रेडरच्या पाच पद्धती समोरासमोर

ट्रॅक्टरमागे ओढायचा ग्रेडर, म्हणजे पोलादी पात्याने माती खरवडून रस्ता सपाट करणारं यंत्र, वर्कशॉपमधून बनवून घ्यायचा असेल, किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला जुन्या ग्रेडरचं चालतं मॉडेल करायचं ठरलं असेल, तर गाडी पात्याच्या पोलादाशी अडत नाही. ते बाजारात मिळतं. अडते ती पातं वर-खाली कशाने करायचं इथे. अमेरिकेत मातीचे रस्ते बनवणाऱ्यांनी साधारण १८८५ ते १९४० या काळात याची वेगवेगळी उत्तरं काढली आणि शेतांमधल्या रस्त्यांवर ती झिजेपर्यंत वापरून पाहिली. आज कोणतंही नवं यंत्र उघडा, आत यातलंच एखादं सापडतं.

निवड करताना लोक आधी विचारतात की पातं उचलायला जोर किती लागतो. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. उचलणं हे मिनिटभराचं काम, उरलेला दिवसभर पातं ठेवलं तिथेच राहिलं पाहिजे. ३.६ मीटर लांबीचं पातं आडवं सरळ धरलं आणि ते नकळत १ सेंटिमीटर खाली बसलं, तर १०० मीटरमध्ये ३.६ घनमीटर माती जास्त निघते. ती परत आणून पसरायची, दाबायची. शिवाय जोर दोन्ही दिशांनी येतो. पात्याची धार कडक जमिनीत शिरली की माती पात्याला खाली ओढते, पुढे दगड आला की तेच पातं वर फेकलं जातं. म्हणजे वरून आणि खालून, दोन्हीकडून घट्ट धरणारी व्यवस्था हवी. आणि डावं-उजवं टोक वेगवेगळं हलायला हवं, कारण रस्त्याला मधे उंचवटा आणि कडेला उतार असतो. ३ मीटरमध्ये ४ टक्के उतार द्यायचा म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा १२ सेंटिमीटर खाली.

साखळी आणि माणसाचं वजन

सर्वात स्वस्त उत्तर मिसूरी राज्यातल्या मेटलंडच्या डी. वॉर्ड किंग या शेतकऱ्याने लोकप्रिय केलं. दोन-सव्वादोन मीटरचं, २५ ते ३० सेंटिमीटर जाडीचं ओंडकं उभं चिरायचं, दोन्ही फाळके पाऊण मीटर अंतरावर समांतर जोडायचे, घोडे लावायचे आणि पाऊस पडून गेल्यावर माती ओलसर असताना रस्त्यावरून तिरकं ओढायचं. १९०८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यावर पुस्तिका काढून ती गावोगाव पोचवली.

यात उंची बदलणारा एकही सुटा भाग नाही. साखळी आखूड केली की पुढचा फाळका किंचित उचलला जातो आणि कमी कापतो, लांब केली की खोल जातो. बाकीचं काम वर उभा असलेला माणूस करतो. आपल्याकडे मैंदावर, म्हणजे शेत सपाट करायच्या फळीवर, उभा राहणारा जसा पुढे-मागे सरकून माती घेतो नि सोडतो, तसंच. रस्ता आधीच बरा असेल आणि फक्त चाकोऱ्या बुजवायच्या असतील, तर याहून जास्त कशाची गरज नाही. पण नवा उतार कापायचा, चारी काढायची, तर हे चालणार नाही. इथे पात्याला कुणीच धरून ठेवलेलं नसतं, ते जमिनीवर तरंगत असतं.

खाचांचा लिव्हर

दोन घोड्यांच्या हलक्या यंत्रांना लांब लिव्हर असे, शेजारी खाचा पाडलेली लोखंडी कमान आणि लिव्हरच्या मुठीत खटका. खटका दाबा, लिव्हर ओढा, सोडा, खाचेत बसला. झटपट. पण हिशोब करून पाहा. लिव्हर १.२ मीटरचा आणि उचलणारा हात १५ सेंटिमीटरचा धरला तर फायदा आठपट. एका टोकाला १५० किलो भार असेल तर मुठीवर १९ किलो येतात. म्हणजे पातं जड केलं की माणूस दमला. आणि खाचांमधलं अंतर कमानीवर २ सेंटिमीटर, कमानीची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल, तर पातं १ सेंटिमीटरच्या पायरीनेच हलतं. अर्धा हवा असेल तर मिळत नाही.

खरा धोका खटका सोडताना असतो. त्या क्षणी सगळा भार हातावर येतो, आणि नेमकं तेव्हाच पात्याखाली दगड आला तर लिव्हर माणसाला झटका देतो. हलक्या खोऱ्यासारख्या कामापलीकडे मी हे सुचवणार नाही.

हँडव्हील आणि वर्म

जुना ओढीचा ग्रेडर म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते हेच: मागच्या बाजूला लोखंडी फळीचा मंच, त्यावर उभा माणूस आणि त्याच्या दोन हातांना फिरवायची दोन मोठी चाकं, म्हणजे हँडव्हील. पुढे घोडे किंवा ट्रॅक्टर हाकणारा वेगळा. इंडियानातल्या जोसेफ ॲडम्सने १८८५ मध्ये चाकं कलती करता येणारा ग्रेडर आणला, ज्यामुळे पात्याच्या आडव्या रेट्याने यंत्र कडेला घसरणं कमी झालं. त्या चाकांच्या कलासाठीही वेगळी यंत्रणा लागे, त्यामुळे पुढच्या काळात मंचावरच्या माणसापुढे हँडव्हीलांची गर्दीच झाली. मिनेसोटातून सुरू झालेल्या रसेल कंपनीचे ओढीचे ग्रेडरही याच घराण्यातले.

हँडव्हीलचा दांडा वर्मला, म्हणजे स्क्रूसारखे आटे कापलेल्या दांड्याला, जोडलेला, वर्म फिरवतो दात्यांचं चाक, त्या चाकाच्या आसावर एक हात, हातातून खाली उतरणारी सळई आणि सळईच्या टोकाला गोळीच्या सांध्याने टांगलेली पात्याची चौकट. एका आट्याचा वर्म आणि ४० दाते असतील तर हँडव्हीलची एक फेरी म्हणजे ९ अंश. हात २५ सेंटिमीटरचा धरला तर टोक सुमारे ४ सेंटिमीटर हलतं. पाव फेरीत १ सेंटिमीटर, आणि मधलं कुठलंही माप मिळतं, कारण इथे खाचा नाहीत.

याची खरी ताकद फिरवणं थांबवल्यावर कळते. वर्मच्या आट्यांचा कोन ५ अंशांच्या आसपास किंवा कमी असेल तर घर्षणामुळे दात्यांचं चाक वर्मला उलटं फिरवू शकत नाही. ना ब्रेक, ना खटका, ना कुलूप. माणूस हात सोडून तंबाखू मळू लागला तरी पातं जागचं हलत नाही. या गुणाची किंमत मात्र मोजावी लागते: असा स्वतःहून अडकून राहणारा वर्म निम्म्याहून जास्त जोर घर्षणात खातो. ३५ टक्के कार्यक्षमता धरू. एका टोकाला ३०० किलो भार, हात २५ सेंटिमीटर, हँडव्हीलची त्रिज्याही २५ सेंटिमीटर, तर काठावर २१ किलो जोर लागतो. दिवसभर हे शक्य नाही. म्हणून पात्याचं वजन तोलून धरणाऱ्या जाड स्प्रिंगा बसवत. स्प्रिंगेने निम्मा भार घेतला की काठावरचा जोर साडेदहा किलोवर येतो. नक्कल करणारे बहुतेक जण ही स्प्रिंगच विसरतात आणि मग वर्मच्या नावाने बोटं मोडतात.

दोष दोन. पहिला मंदपणा. पातं ३० सेंटिमीटर उचलायला प्रत्येक बाजूला सात-आठ फेऱ्या. रस्त्यातली पाण्याची मोरी जवळ आली आणि लक्ष नव्हतं तर पातं मोरीला लागणारच. दुसरा दोष जुनं यंत्र विकत घेणाऱ्याला जास्त छळतो. काम करताना पातं नेहमी त्याच चार-सहा सेंटिमीटरमध्ये असतं, त्यामुळे दात्यांच्या चाकाचे मधलेच काही दाते झिजतात. मधला ढिलेपणा काढायला वर्म जवळ सरकवला तर तो कडेच्या न झिजलेल्या दात्यांत अडकतो. तसाच सोडला तर पातं वर-खाली खडखडतं आणि सपाट करायच्या रस्त्यावर लाटा उठवतं. म्हणून असं यंत्र पाहायला गेलात तर चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली फिरवून समाधान मानू नका. पातं काम करतं त्या उंचीवर आणा आणि तिथे टोक हाताने हलवून पाहा.

इंजिनाच्या जोरावर, पण तेलाशिवाय

१९२० च्या सुमारास रसेलने ट्रॅक्टर आणि ग्रेडर एकाच सांगाड्यावर आणला. १९२८ मध्ये कॅटरपिलर कंपनीने रसेल विकत घेतली, १९३१ मध्ये तिचा ऑटो पॅट्रोल हा ग्रेडर आला, १९३८ मध्ये नंबर १२ हा. आता मंचावर दुसरा माणूस नाही. एकट्याने गाडी हाकायची आणि पातंही सांभाळायचं, म्हणजे हँडव्हील फिरवायला हात उरले नाहीत.

नंबर १२ मध्ये याचं उत्तर असं: इंजिनावरून येणारा दांडा चालकासमोरच्या पेटीत सतत फिरत राहतो. पेटीवर लिव्हरची रांग. लिव्हर पुढे ढकलला की दातेरी क्लच एका बाजूला अडकतो, मागे ओढला की दुसऱ्या बाजूला, मधे सोडला की मोकळा. तिथून युनिव्हर्सल जॉइंटचे (कोनात वळूनही फिरणाऱ्या सांध्यांचे) लांब दांडे वर्मच्या पेट्यांपर्यंत. म्हणजे शेवटचा भाग तोच जुना, फक्त माणसाच्या हाताच्या जागी इंजिन आलं. पातं धरून ठेवण्याचं काम अजूनही वर्मकडेच.

हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, बाजारात असूनही कॅटरपिलरने हीच पद्धत १९७३ च्या ग्रेडरांच्या जी मालिकेपर्यंत चालवली, ती उगाच नव्हे. लिव्हर सोडला त्या क्षणी पातं थांबतं आणि थांबलं की थांबलंच. उलट बाजूने पाहिलं तर क्लचचे दाते जोरात आपटत अडकतात, तो दणका लिव्हरमधून मनगटात येतो. पातं हलण्याचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून, त्यामुळे इंजिन मंद असलं की पातंही मंद. दात्यांच्या कडा गोलावल्या की क्लच भार आला की निसटतो.

बघायला ही पाचांतली सर्वात देखणी यंत्रणा. पण घरी बनवू नका. प्रत्येक हालचालीला क्लच, दांडा, दोन-दोन सांधे आणि वर्मची पेटी लागते. दोनच हालचाली ठेवल्या तरी मशीनिंगचा खर्च पात्यासकट बाकी सगळ्या यंत्राच्या वर जाईल.

हायड्रॉलिक

ऑस्टिन-वेस्टर्न आणि ओहायोतली गॅलियन या कंपन्या तेलाच्या दाबाकडे लवकर वळल्या. आकडे मोहात पाडणारे आहेत. १० सेंटिमीटर व्यासाच्या सिलेंडरमध्ये ७० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब दिला तर साडेपाच टन जोर मिळतो, तोही बोटाने लिव्हर हलवून. दांडे नाहीत, सांधे नाहीत, नळी हवी तशी वळवा.

मग सगळे लगेच का वळले नाहीत? गळती. त्या काळात सिलेंडरमध्ये चामड्याच्या वाट्या बसवत. नील्स क्रिस्टेन्सनला ओ-रिंगचं, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल रबरी कडीचं, अमेरिकी पेटंट मिळालं ते १९३९ मध्ये, आणि ती सर्रास वापरात आली दुसऱ्या महायुद्धात. सील सुधारले तरी व्हॉल्व्हच्या स्पूलभोवतीची (आत सरकणाऱ्या दांडीभोवतीची) बारीक फट राहतेच. त्यातून तेल झिरपतं, तेल तापून पातळ झालं की जास्तच. ट्रॅक्टर वापरणाऱ्याला हे नवीन नाही: रात्री लिफ्टवर उचलून ठेवलेला नांगर सकाळी जमिनीला टेकलेला असतो. नांगराचं त्याने काही बिघडत नाही. ग्रेडरचं पातं मात्र असं तासातासाला बसत गेलं तर उतार बिघडतो.

मग घ्यायचं काय?

मॉडेल करणाऱ्यांनी हँडव्हील आणि वर्म घ्यावं, यात मला शंका नाही. परीक्षकाला पातं हाताने दाबून दाखवा, चाक फिरत नाही हे दिसतं आणि तोंडी परीक्षेचा अर्धा वेळ तिथेच संपतो. प्लास्टिकच्या दोन सिरिंजांचं हायड्रॉलिक मॉडेल दर वर्षी चार गट करतात.

ट्रॅक्टरमागच्या खऱ्या यंत्राचं उत्तर तुमच्या ट्रॅक्टरवर आहे. मागची अवजारं उचलणारी तीन-बिंदू लिफ्ट दोन्ही बाजू एकत्रच उचलते. टोकांमधला फरक उजव्या लिफ्ट रॉडवरच्या हँडलनेच द्यावा लागतो, आणि ते हँडल म्हणजे ॲडम्सच्या काळातल्या हँडव्हीलचंच भावंड, आत स्क्रू आहे. फक्त शेतरस्ता सारखा करायचा तर मागे पातं लावा आणि या हँडलवर भागवा. मात्र असं पातं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांपलीकडे लोंबतं, चाकाखालचा प्रत्येक खड्डा त्याला कळतो. ओढीच्या ग्रेडरमध्ये पातं पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध असतं, त्यामुळे पुढची चाकं १० सेंटिमीटर उचलली तरी पातं ५ सेंटिमीटरच वर जातं. उतार नीट हवा असेल तर लांब सांगाडा आणि मधलं पातं याला पर्याय नाही.

लांब सांगाड्यावर वर्म परवडत नसेल तर चौकोनी आट्यांचा स्क्रू बसवा. ६ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) स्क्रू तालुक्याचा टर्नर कापून देईल. तो वर्मसारखाच जागा धरून राहतो, फक्त फेऱ्या भरपूर मारायच्या. चालत्या यंत्रावर दुसरा माणूस उभा करू नका. तेव्हा तो घोड्यांच्या चालीने जात होता, आता पुढे पन्नास अश्वशक्ती आहे. थांबा, उतरा, फिरवा, पुढे चला.

हायड्रॉलिकच हवं असेल तर टिपिंग ट्रॉलीची तेलाची लाइन पुरणार नाही. ती एकाच बाजूने ढकलते, पातं खाली दाबून धरत नाही. दोन्ही बाजूंनी काम करणारे दोन सिलेंडर आणि ट्रॅक्टरवर तसे दोन आउटलेट हवेत. प्रत्येक सिलेंडरला तेल आतच अडवून ठेवणारा लॉक व्हॉल्व्ह लावा, आणि तो लिव्हरजवळ न लावता थेट सिलेंडरच्या तोंडावर बसवून घ्या. नळी फुटली तरी पातं मग पायावर येत नाही.