किलीमांजारो की एल्ब्रुस? खानदेशातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दिवाळीत अस्तंभ्याच्या डोंगरावरची यात्रा करून आलेली शहादा-तळोद्याकडची पोरं हल्ली विचारतात, "दादा, आधी किलीमांजारो करू की एल्ब्रुस?" दोन्ही ज्वालामुखी, दोन्ही गाईडसोबत होणारे. मी दोन्ही केलेत, म्हणून स्पष्ट सांगतो: बर्फावर कधी पाऊल टाकलं नसेल तर किलीमांजारो. तोही सात-आठ दिवसांचा.

उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. टांझानियातला किलीमांजारो ५,८९५ मीटर, रशियाच्या कॉकेशसमधला एल्ब्रुस ५,६४२. तरी एल्ब्रुसच अवघड, कारण तो बर्फाचा डोंगर आहे. किलीमांजारोवर नेहमीच्या मार्गांनी पायवाटच असते. शेवटची चढण तेवढी भुसभुशीत, एक पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. आपल्या लळिंग किल्ल्याचा काळा दगडही लाव्हाचाच, पण तो घट्ट बसलेला. तिथला मुरूम पायाखाली वाहतो.

एल्ब्रुसवर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) यांशिवाय चालत नाही. पहाटे तीनच्या सुमारास वाऱ्यात माझ्या क्रॅम्पॉनचा पट्टा सैल झाला. जाड हातमोज्यांनी बक्कल धरता येईना, आणि मोजा काढला तर मिनिटभरात बोटं बधिर. शेवटी गाईडनं गुडघा टेकून पट्टा आवळून दिला. ही सवय घरून करून जायला हवी होती. शिवाय धुकं उतरलं की वाट पुसली जाते, आणि वाटेबाहेर हिमनदीच्या भेगा असतात. म्हणून एल्ब्रुसच्या आधी उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतला बेसिक कोर्स कराच.

आता विरळ हवा. शिखरावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास मिळतो, आणि तोरणमाळला कितीही चढलात तरी त्याची तयारी होत नाही. पाय तयार होतात, एवढंच. बाकी काम दिवसांचं. किलीमांजारोच्या पहिल्या खेपेला स्वस्त पडतं म्हणून मी मारंगू मार्गाचं पाच दिवसांचं पॅकेज घेतलं. किबो हटवर, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या मुक्कामी, ४,७०० मीटरच्या वर, रात्री उलट्या सुरू झाल्या आणि गाईडनं मला खाली उतरवलं. त्याचं बरोबरच होतं. दुसऱ्यांदा माचामे मार्गानं सात दिवस घेतले. त्यात लाव्हा टॉवर नावाच्या खडकापाशी ४,६०० मीटरपर्यंत चढून झोपायला खाली बारांकोच्या तळावर, ४,००० च्या आत, उतरवतात. फरक डोकेदुखीतच कळला. पार्कची फी दिवसावर लागते, म्हणून जास्त दिवसांचं पॅकेज महाग असतं. तिथे हात आखडू नका.

एल्ब्रुसचं उलट आहे. दक्षिणेकडून केबल कारनं तासाभरात ३,८०० मीटरच्या वर, गाराबाशीला पोचता. हा आराम घातक आहे. शरीर खालीच राहिलेलं असतं. पास्तुखोव्ह खडकांपर्यंत, साधारण ४,७०० मीटर, चढून परत येण्याचे दिवस कार्यक्रमात नसतील तर तो कार्यक्रम नाकारा.

शेती असणाऱ्यांसाठी हंगामही महत्त्वाचा. एल्ब्रुसचे चांगले महिने जुलै-ऑगस्ट, म्हणजे इकडे ऐन निंदणी-खुरपणी. किलीमांजारो जानेवारी-फेब्रुवारीतही होतो, तोवर कापूस बहुतेक वेचून झालेला असतो.

पैशाचं थोडक्यात: २०२२ पासून आपली व्हिसा-मास्टरकार्ड रशियात चालत नाहीत, रोख न्या. किलीमांजारोवर पोर्टरची, म्हणजे सामान वाहणाऱ्याची, टीप आधीच बाजूला काढा. एका पोर्टरवर २० किलोपेक्षा जास्त ओझं चालत नाही, तो नियम तुमच्या कंपनीकडे पाळला जातो का ते विचारा. जी माणसं आपलं सामान डोक्यावर वाहतात त्यांच्या पाठीवर कंपनी पैसे वाचवत असेल, तर ती कंपनी सोडा.

आणि बुकिंगआधी एक प्रश्न दोन्हीकडे: शिखराच्या रात्री एकाची तब्येत बिघडली, तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार आणि बाकीच्यांसोबत वर कोण जाणार? नाव घेऊन उत्तर मिळालं, तरच ॲडव्हान्स भरा.