तीन रूपांचा तक्ता की कालच्या पाच ओळी?

इंग्रजीतला सिंपल पास्ट, म्हणजे साधा भूतकाळ, काय असतो हे इथं सांगत बसत नाही. 'प्ले'चं 'प्लेड' आणि 'गो'चं 'वेंट' होतं, इथवर सगळेच आलेले असतात. अडतं ते सरावापाशी. एक वाट म्हणजे दुकानात मिळणारी सरावाची वही: मागे क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता, पुढे रिकाम्या जागा. दुसरी वाट म्हणजे साधी शंभर पानी वही घ्यायची आणि रोज कालच्या दिवसावर पाच ओळी लिहायच्या. शिकवणीत दोन्ही चालवून झाल्यात. मोजमाप कुणी केलेलं नाही, तपासलेल्या वह्यांवरून जे दिसलं तेच खाली आहे. मोबाइलवरच्या ॲपचा वेगळा विचार केला नाही, कारण बोट टेकवायचं सोडलं तर ती रिकाम्या जागांचीच भावंडं.

तक्त्याला नावं ठेवायची फॅशन आहे, पण अनियमित रूपं पाठ करण्यावाचून गत्यंतर नसतं. रोजच्या बोलण्याला पन्नास-साठ पुरतात. चूक होते ती क्रमात. एबीसीडीप्रमाणे पाठ केलं की त्याची चाल बनते, आणि ऐन वाक्यात 'टीच'चं रूप हवं असलं की लेकरू मनातल्या मनात 'टेक, टूक, टेकन'पासून गाडी सुरू करतं. त्यापेक्षा आवाजाचे गट पाडावेत. बॉट, ब्रॉट, थॉट, कॉट, टॉट एका घरात. सँग, रँग, ड्रँक, बिगॅन दुसऱ्या. कट, पुट, हिट हे न बदलणारे तिसऱ्या. 'रीड'ला वेगळी खूण करा: स्पेलिंग तेच राहतं, उच्चार 'रेड' होतो.

रिकाम्या जागांची खरी सोय म्हणजे शेवटच्या पानावरची उत्तरं. घरात किंवा गावात इंग्रजी तपासणारं कुणी नसेल, तर ही सोय लहान नव्हे. पाच ओळींचं तसं नाही. कुणी तपासल्या नाहीत तर चूकच रोज गिरवली जाते.

आता 'आय डिडन्ट वेंट'. ही चूक सगळ्यांना माहीत आहे, पण ती का होते हे फारसं कुणी सांगत नाही. मराठीत 'गेलो'ला 'नाही' लावलं तरी 'गेलो' तसाच राहतो. 'तू गेलास का?' विचारलं तरी तसाच. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतो आणि क्रियापद मोकळं होतं. म्हणून 'काल लाईट आली नाही'चं 'द लाईट डिडन्ट केम' होतं. उपाय सरळ आहे: वीस वाक्यं घ्यायची, प्रत्येकाचं नकारार्थी आणि प्रश्नार्थी करायचं, 'डिड' दिसला की पुढच्या शब्दाखाली लाल रेघ मारून तो मूळ रूपात आहे ना ते बघायचं. पंधरा-वीस दिवसांत बहुतेकांची गाडी रुळावर येते. हे काम छापील वहीतूनही होतं. इथवर दोन्ही बाजू सारख्याच म्हणा.

तराजू झुकतो तो 'होतो'मुळे. मराठीत आपण 'काल नांदेडला गेलो' असं क्वचितच म्हणतो. तोंडात 'काल नांदेडला गेलो होतो' हेच येतं. मग इंग्रजीत 'यस्टर्डे आय हॅड गॉन टू नांदेड' ठरलेलं. इंग्रजीला तिथं 'आय वेंट' एवढंच हवं असतं. जुन्या गोष्टी सांगताना तर हे जास्तच होतं. 'किल्लारीला १९९३ साली भूकंप झाला होता' हे मराठीत अगदी बरोबर. त्याचं 'ॲन अर्थक्वेक हॅड हॅपन्ड' होतं, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. वास्तविक '३० सप्टेंबर १९९३' असा ठरावीक वेळ वाक्यात आला की साधा भूतकाळ पुरतो: 'देअर वॉज ॲन अर्थक्वेक'. 'हॅड' हवा असतो तो दोन गोष्टींपैकी आधीच्या गोष्टीला. आम्ही स्टँडवर पोचलो तोवर एसटी गेली होती: 'वुई रीच्ड', पण 'द बस हॅड लेफ्ट'.

ही चूक रिकाम्या जागेत पकडली जातच नाही. तिथं 'लास्ट संडे' आधीच छापलेलं असतं, कंसात 'गो' दिलेला असतो आणि वर ठळक अक्षरांत 'सिंपल पास्ट वापरा' अशी सूचना. लेकरानं करायचं काय, तर 'गो' खोडून 'वेंट' लिहायचं. वीसपैकी अठरा पडतात. त्याच लेकराला काल काय केलं विचारा, पहिल्या वाक्यात 'हॅड' येतो. चूक होते ती मराठी वाक्य डोक्यात तयार होतं त्या घडीला, आणि छापील वही ती घडी येऊच देत नाही.

पाच ओळींमध्ये ती रोज येते. पण त्यालाही शिस्त लागते, नाहीतर आठ दिवसांत 'आय गॉट अप, आय टूक बाथ, आय वेंट टू स्कूल'ची आरती सुरू होते. एकदा वापरलेलं क्रियापद आठवडाभर पुन्हा वापरायचं नाही. तीन ओळी होकारार्थी, एक नकारार्थी, एक प्रश्न. आधी मराठीत लिहून भाषांतर करायचं नाही, 'होतो' तिथूनच शिरतो. विषय घरचेच घ्यावेत: आईनं कापूस वेचला, पाण्याचा टँकर आला नाही, रानातली मोटार जळाली.

लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं, कारण 'ईडी'चा उच्चार वहीत दिसत नाही. शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच वेगळा 'एड' ऐकू येतो: वाँटेड, नीडेड. बाकी ठिकाणी गळ्यावर बोट ठेवून क्रियापदाचा शेवटचा आवाज काढावा. गळा थरथरला नाही तर ट: पिक्ट, वॉश्ट, मिस्ट. थरथरला तर ड: प्लेड, क्लीन्ड. 'वॉकेड', 'कुकेड' ही आपल्याकडची खास रूपं अशीच सुटतात.

परीक्षा पंधरा दिवसांवर असेल आणि प्रश्न कंसातलं क्रियापद बदलण्याचाच येणार असेल, तर छापील वही घ्या, उगीच प्रयोग नको. दोन-तीन महिने हातात असतील आणि आठवड्यातून एकदा पस्तीस ओळींवर लाल पेन फिरवणारं कुणी असेल, तर मला वाटतं साधी वही बरी. तक्ता मात्र फाडून त्याच वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवा. ओळ लिहिताना रूप आठवलं नाही तर पान उलटायचं, पाहिलेल्या रूपापुढे पेन्सिलीनं टिंब द्यायचं. ज्या रूपापुढे तीन टिंबं जमली, ते पुढच्या आठवड्याच्या पाच ओळींत आलंच पाहिजे.