पत्रकारिता की जनसंज्ञापन : पदवी निवडण्यापूर्वी

अनेक विद्यापीठांत ‘पत्रकारिता आणि जनसंज्ञापन’ (मास कम्युनिकेशन) अशी दोन्ही नावे एकाच पदवीवर असतात, त्यामुळे प्रवेश घेणाऱ्याला हा एकच विषय वाटतो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि एकाच विभागातसुद्धा त्यांपैकी एकीचे वजन जास्त असते. कोणती निवडायची हे ठरवणाऱ्याने आधी त्यांचा उगम पाहावा, कारण आजच्या अभ्यासक्रमांतील बराचसा फरक तेथूनच आलेला आहे.

पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण व्यवसायाच्या गरजेतून उभे राहिले. वॉल्टर विल्यम्स यांच्या पुढाकाराने 1908 मध्ये अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यालय सुरू झाले आणि तेथील विद्यार्थ्यांनी वर्ग भरू लागताच स्वतःचे वृत्तपत्र काढले. वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांनी 1892 मध्ये मांडलेला अशाच विद्यालयाचा प्रस्ताव कोलंबिया विद्यापीठाने नाकारला होता. तेथील विद्यालय उघडले ते 1912 मध्ये, पुलित्झर यांच्या निधनानंतर. जनसंज्ञापनाची वाट निराळी आहे. प्रचार, रेडिओ आणि मतदारांचे वर्तन यांवर समाजशास्त्रज्ञ, राज्यशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ जे संशोधन करत होते, त्यातून ही शाखा घडली. कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि कोणत्या परिणामासह सांगतो, ही अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी 1948 मध्ये मांडलेली प्रश्नमालिका आजही पहिल्या वर्षात शिकवली जाते.

नगरपालिकेच्या सभेत पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव मंजूर झाला असे समजू. पत्रकारितेच्या वर्गातील विद्यार्थ्याला त्या सभेला पाठवले जाते. ठरावाची प्रत मिळवणे, विरोध करणाऱ्या सदस्याचे म्हणणे घेणे, वाढ दहा टक्क्यांची आहे की दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेलेली आहे हे तपासणे आणि ठरलेल्या वेळेत चारशे शब्दांची बातमी देणे, एवढे सगळे त्याच्याकडून अपेक्षित असते. नंतर शिक्षक ती बातमी ओळीओळीने तपासतात : हे विधान कोणाचे, हा आकडा कोठून आला, सर्वांत महत्त्वाची गोष्ट चौथ्या परिच्छेदात का गेली. संज्ञापनाच्या वर्गात त्याच ठरावाविषयी महिनाभरात आलेल्या सर्व बातम्या गोळा केल्या जातात. त्यांत अधिकाऱ्यांचे म्हणणे किती वेळा आले, रहिवाशांचे किती वेळा, याची आधी ठरवलेल्या निकषांनुसार नोंद होते. दोन विद्यार्थी त्याच बातम्या एकमेकांना न विचारता तपासतात आणि त्यांच्या नोंदी कितपत जुळतात हे मोजले जाते. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी 1968 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल येथे, कोणाला मत द्यायचे हे न ठरलेल्या 100 मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात हे विचारून त्यांची उत्तरे माध्यमांतील आशयाशी ताडून पाहिली. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून माध्यमे लोकांची विषयपत्रिका, म्हणजे कोणते विषय महत्त्वाचे मानायचे हे, ठरवतात हा सिद्धान्त पुढे आला. संज्ञापनाच्या विद्यार्थ्याकडून अशाच प्रकारच्या कामाची तयारी करून घेतली जाते.

म्हणून मला निर्णायक वाटणारा प्रश्न असा, की या तीन वर्षांत आपले कोणते काम कोणीतरी कसून तपासावे अशी आपली इच्छा आहे. सिद्धान्त पुढे ग्रंथालयात बसूनही वाचता येतात. स्वतः लिहिलेल्या बातमीतील चूक मात्र सहसा स्वतःला दिसत नाही. ती दाखवणारा अनुभवी संपादक लागतो आणि त्याने ती वारंवार दाखवावी लागते. त्यामुळे ज्याला वार्ताहर किंवा उपसंपादक व्हायचे आहे, त्याने केवळ व्यापक वाटते म्हणून सिद्धान्तप्रधान पदवी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तितकीच खरी गोष्ट अशी, की सांख्यिकी आणि संशोधनपद्धतीसुद्धा मार्गदर्शनाशिवाय नीट येत नाहीत. श्रोतृसंशोधन, आरोग्यविषयक जनजागृती, धोरणविषयक अभ्यास किंवा पुढे डॉक्टरेट यांकडे कल असेल, तर जनसंज्ञापनच योग्य आहे.

नोकरीच्या दृष्टीने जनसंज्ञापनाचे क्षेत्र अधिक रुंद आहे, कारण जनसंपर्क, जाहिरात, संस्थांचे माहिती विभाग असे अनेक पर्याय त्यात येतात. पत्रकारितेचा पदवीधरही या क्षेत्रांत जातो, मात्र वृत्तकक्षात त्याचे पदवीपत्र फारसे कोणी पाहत नाही. प्रसिद्ध झालेले काम पाहतात.

तिसऱ्या मार्गाचाही गांभीर्याने विचार व्हावा : आधी कायदा, अर्थशास्त्र, विज्ञान अशा विषयाची पदवी आणि त्यानंतर पत्रकारितेचा एक-दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. अर्थसंकल्प किंवा न्यायालयाचा निकाल मुळातून वाचू शकणारा वार्ताहर केवळ प्रवक्त्याच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही, आणि ही क्षमता बातमीलेखनाच्या तासांत मिळत नाही. विषयाची आवड आधीपासून पक्की असलेल्यांसाठी मला हा मार्ग सर्वांत सकस वाटतो. त्यात एकूण वर्षे वाढतात आणि लेखनाचा सराव उशिरा सुरू होतो, हेही लक्षात घ्यावे.

पदवीच्या नावावरून यांतले फारसे काही कळत नाही, म्हणून अभ्यासपत्रिका मागवावी. विद्यार्थी चालवत असलेले वृत्तपत्र, रेडिओ केंद्र किंवा संकेतस्थळ नियमित चालते का, की केवळ परीक्षेपुरता एखादा अंक निघतो, हे त्याचे जुने अंक पाहून ताडावे. लेखनाच्या एका तुकडीत किती विद्यार्थी असतात हे विचारावे, कारण साठ जणांच्या बातम्या एका शिक्षकाने दर आठवड्याला बारकाईने तपासणे शक्य नसते. बदनामीविषयक कायदा आणि व्यवसायनीती हे विषय सक्तीचे असावेत. ऐच्छिक असतील तर तो पत्रकारितेच्या अभ्यासक्रमातील गंभीर उणेपणा आहे. अजूनही निर्णय होत नसेल, तर पहिले वर्ष सामाईक ठेवून दुसऱ्या वर्षी शाखा निवडू देणारे विद्यापीठ शोधावे आणि त्या पहिल्या वर्षात बातमीलेखन व संशोधनपद्धती हे दोन्ही विषय आहेत याची प्रवेशापूर्वी खात्री करून घ्यावी.