कार्ब्युरेटर: वरून स्प्रे की पूर्ण खोलून सफाई?

जुनी गाडी महिनोनमहिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) फ्लोट बाऊलच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाशी चिकट राळ उरते. एअर फिल्टर काढून क्लीनरचा स्प्रे मारणं झटपट होतं, चोक आणि थ्रॉटल या हवेच्या झडपांवरची काजळीही निघते. पण जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या पितळी भागाच्या, बारीक भोकातला थर तसाच राहतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना मंद चालताना, इंजिन अडखळत असेल, तर माझं मत खोलून साफ करण्याच्या बाजूने. वेळ जास्त लागतो, लागू द्या. मात्र जेट तारेने टोकरू नका! पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडलंच. क्लीनरमध्ये भिजवून हवेचा झोत मारा. रबरी भाग आणि डायफ्रॅम (पातळ लवचीक पडदा) आधी काढून ठेवा, क्लीनरने ते फुगतात. जोडताना गॅस्केट (जोडातली गळती रोखणारा पातळ थर) नवीनच घाला.