गोल नळीतली गोल सळई : उंचावरच्या कॅमेऱ्यासाठी घरी केलेल्या आकड्याचा सात महिन्यांचा अनुभव

ट्रेल कॅमेरा, म्हणजे रानात झाडाला लावून ठेवायचा आणि समोर प्राणी आला की आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा, तीन मीटर उंचीवर लावला की चोरांच्या नजरेत सहज येत नाही आणि जनावरांची नाकेही भिंगाला लागत नाहीत, हे वापरणाऱ्यांना ठाऊकच आहे. तो झाडावर अडकवायचे तयार आकडे विकत घेण्याचे माझ्या जिवावर आले, म्हणून अडगळीतील सामानातून एक बनवला. लोखंडी नळीचा वीतभर तुकडा पट्ट्याने खोडाला उभा बांधला आणि काटकोनात वाकवलेल्या सळईचे एक टोक त्यात सोडले. दुसरे टोक ठोकून चपटे केले, त्याला भोक पाडले आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसणारा पाव इंची, इंचाला वीस आटे असलेला स्क्रू त्यातून घातला. नळी बांधायला तेवढे झाडावर चढावे लागले. नंतर कॅमेरा काढणे-लावणे जमिनीवरूनच, आकडी लावलेल्या बांबूने होते. ही सोय मला अजूनही फार आवडते.

पहिले दोन महिने मी या आकड्याचे कौतुक करत होतो. तिसऱ्या महिन्यात कार्ड उघडले, तेव्हा पाणवठ्याच्या वाटेऐवजी शेजारच्या फांदीची बाराशे छायाचित्रे निघाली. उन्हाने तापलेली पाने हलली की उष्णतेतील बदल टिपणारा संवेदक फसतो, त्यामुळे संख्येचे नवल नव्हते; कॅमेरा तिकडे वळलाच कसा, हा प्रश्न होता. मी दोष पट्ट्याला दिला, कारण नायलॉन भिजले की सैलावते. पॉलिस्टरचा पट्टा आणला (या प्रकरणातला हा एकमेव खर्च, आणि तो आजही सलतो), पण पंधरवड्यात पुन्हा तीच फांदी दिसू लागली.

मग नळीवर व सालीवर खडूची एक रेघ आणि नळीवर व सळईवर दुसरी रेघ ओढली. आठवड्याने पाहिले, तर पहिली रेघ जशीच्या तशी होती आणि दुसरी चांगली बोटभर सरकली होती. गोल नळीत गोल सळई, तीही थोडी सैल; पुढे लोंबणाऱ्या कॅमेऱ्याच्या पेटीवर वारा आपटला की सळई किंचित फिरणार आणि मागे येण्याचे तिला काहीच कारण नाही. हे शाळकरी पोराला सुचले असते. सळईवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पाहिली, तेव्हा ती फिरायची थांबली खरी, पण बांबूने उचलताना इतकी अडकू लागली की आकडीच मोडली.

शेवटी उपाय करवतीने केला : नळीच्या वरच्या काठाला आडव्या दांड्याच्या जाडीची खाच पाडली. दांडा वजनाने खाचेत बसतो आणि सरळ वर उचलला की सुटतो. गेले तीन महिने रेघ हललेली नाही. पट्ट्यावर केलेला आरोप मी मागे घेतो, मात्र खोडाची जाडी वाढते म्हणून तो अधूनमधून सैल करावा लागतोच. खिळे ठोकून हे टाळता येईल असे कोणी सुचवू नये. लाकूड त्यांना गिळते आणि पुढे कधीतरी तिथे करवतीचे पाते जाते.

कल साधण्यासाठी चपटे टोक खाली वाकवावे लागते. तीन मीटरवरून पाच मीटर अंतरावरची जागा हवी असेल, तर तो सुमारे 31 अंश येतो. त्यापलीकडची वाट चौकटीच्या वरच्या काठाशी जाते, आणि प्राण्यांच्या पाठीच जास्त दिसतात. अंगावरच्या पट्ट्यांवरून प्राणी ओळखायचा असेल, तर उंचीचा हट्ट सोडलेला बरा. स्क्रू मात्र बेताने आवळावा, कारण प्लॅस्टिकमध्ये बसवलेला पितळी नट फिरू लागला की कॅमेऱ्याचे ते भोक निकामी होते.

नळी खालून मोकळी ठेवली आहे, नाहीतर पाणी साचून सळई गंजली असती. महिनाभर ती रिकामी राहिली, तेव्हा कुंभारमाशीने वरून मातीने लिंपली होती आणि ती काडीने कोरून काढावी लागली. पुढच्या आकड्यासाठी चौकोनी नळी बाजूला काढली आहे. तिच्यात बसणारी चौकोनी सळई अजून भंगारात मिळालेली नाही, आणि ती विकत आणण्याची माझी तयारी नाही.