मेलानोटॅन-२, १ मिलिग्रॅम कुपी: माल चोख, कागद अर्धवट

मेलानोटॅन-२ हे पेशींवरचे मेलानोकॉर्टिन (एमसी) रिसेप्टर चालू करणारं कृत्रिम पेप्टाइड. उजेडात धरली तरी त्याची कुपी रिकामीच वाटते. नीट बघितलं तर तळाशी पांढरट पापुद्रा दिसतो, आणि कधी कधी तो झाकणाच्या रबराला जाऊन चिकटलेला असतो. म्हणून फ्रीझरमधून काढल्यावर अर्धा तास कुपी बंदच ठेवायची, सेंट्रीफ्यूजमध्ये एकदा फिरवायची आणि मगच उघडायची. थंड कुपी उघडली की हवेतली ओल आत जमते.

मालाबद्दल तक्रार नाही. एचपीएलसीवर (घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी) एकच ठळक शिखर, मास स्पेक्ट्रमवर (रेणूचं वजन दाखवणारी चाचणी) १०२४.५ आणि दुहेरी भाराचं ५१२.८. १०४२.५ ला काही नाही, म्हणजे ॲस्पार्टिक ॲसिड आणि लायसीनमधला लॅक्टम पूल (साखळीचं कडं करणारा बंध) जुळलेला आहे; न जुळलेली साखळी १८ ने जड भरते. फसवतो तो १०२५.५. टोकाच्या अमाइडचं ॲसिड झालं की वजन जेमतेम १ ने वाढतं आणि हातात ब्रेमेलानोटाइड हे वेगळंच पेप्टाइड उरतं. हे शिखर मूळ पेप्टाइडमधल्या जड कार्बनच्या (कार्बन-१३) शिखराखाली दडतं, त्यामुळे नुसत्या मासवर विसंबून चालत नाही.

खटकतं ते सर्टिफिकेट. शुद्धता ९८ टक्के लिहिलीय, क्षाराचं ॲसिड आणि पाणी वगळून निव्वळ पेप्टाइड किती ते नाही. हा ट्रायफ्लुओरोॲसेटेट क्षार आहे. हिस्टिडिन आणि आर्जिनीन मिळून दोन ॲसिडचे रेणू धरून ठेवतात, म्हणजे १०२४ ला २२८ ची जोड. पाणी हिशेबात धरलं नाही तरी १ मिलिग्रॅममध्ये पेप्टाइड सुमारे ०.८२ मिलिग्रॅमच. १ मिलिमोलर स्टॉकसाठी (साठवणीचं दाट द्रावण) ९७६ नव्हे, ८०० मायक्रोलिटर घाला. पडताळा सोपा आहे: यात टायरोसिन नाही, ट्रिप्टोफॅन एकच, त्यामुळे १०० मायक्रोमोलर द्रावण २८० नॅनोमीटरला १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.५५ च्या आसपास दाखवतं. स्टॉकचे २० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

खरं तर १८ टक्क्यांच्या चुकीने ईसी-५० (निम्मा परिणाम देणारी तीव्रता) लॉगमध्ये ०.०९ नेच सरकतो; त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. तीव्रता आणि परिणामाचा कर्व्ह बिघडवतात त्या ट्यूबच्या भिंती. धनभारित पेप्टाइड काचेला आणि पॉलिस्टायरीनला चिकटतं, आणि नॅनोमोलरच्या खाली द्रावणात उरतं किती याचा भरवसा राहत नाही. लो-बाइंड पॉलिप्रॉपिलिनच्या ट्यूब, बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन प्रथिन), विरळ करताना प्रत्येक पायरीला नवी टिप. जुन्याच टिपने खाली उतरत गेलात तर आधीच्या दाट द्रावणाचा थेंब पुढे जातो आणि पेप्टाइड उगाच जास्त जोरकस भासतं. कॅल्शियम नसलेला बफरही टाळा, एमसी४ रिसेप्टरला लिगँड (त्याला जुळणारा रेणू) धरायला कॅल्शियम लागतं.

कॅटलॉगमध्ये ‘एमसी४ ॲगोनिस्ट’ (एमसी४ चालू करणारा) छापलंय, ते अपुरं आहे. हे पेप्टाइड एमसी१, ३, ४ आणि ५ चौघांनाही चालू करतं. एमसी२ तेवढा हलत नाही, तो फक्त एसीटीएच या संप्रेरकाला दाद देतो. त्यामुळे सायक्लिक एएमपी (रिसेप्टर चालू झाल्याचा पेशीतला संकेत) वाढलं म्हणून एमसी४ सिद्ध होत नाही. सोबत एसएचयू-९११९ ची कुपी मागवा, ती एमसी३ आणि एमसी४ अडवते. पण बी१६ मेलानोमा पेशींवर ती वापरू नका: तिथे एमसी१ आहे, आणि त्यावर हाच अडवणारा रेणू स्वतः ॲगोनिस्ट ठरतो.

कुपी निर्जंतुक नाही. कातडी सावळी करायला हे टोचून घेणाऱ्यांसाठी ती नाहीच.