नोकरी करता करता शिकायचं: मुक्त विद्यापीठ की शिकाऊ उमेदवारी?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला रोजचं कॉलेज जमणं अशक्यच. त्याच्यासाठी १९८९ साली सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पुस्तकं घरी, मार्गदर्शन अभ्यासकेंद्रावर, पगार चालू. पण रात्रपाळी करून आल्यावर पुस्तक उघड म्हणणारं कुणी नसतं आणि बरेच जण तिथेच गळतात. अभ्यासकेंद्रांनी निदान फोन तरी करायला हवा!

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्याची (अप्रेंटिसशिप). तिला १९६१ च्या कायद्याचा आधार आहे. विद्यावेतन मिळतं, व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) माप घ्यायला जुना कारागीर शेजारी उभा राहून शिकवतो. मात्र पस्तिशीतल्या, घर चालवणाऱ्या बाईचं विद्यावेतनात भागत नाही. तिला मी मुक्त विद्यापीठच सुचवेन. नुकताच आयटीआय झालेल्या पोराने मात्र थेट कारखाना गाठावा.